वाजवून घेतलेली तुळई

बाजाराच्या एका गावात गूळ आणि नारळ विकणारा एक व्यापारी राहत होता. पुढे दुकान, मागे घर. नारळ पारखण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. नारळ कानाशी धरायचा, बोटाने टकटक करायची, की आत पाणी किती, खोबरं कसं, सगळं सांगून मोकळा. गिऱ्हाइकालाही म्हणायचा, “माझ्या बोलण्यावर जाऊ नका हो, वाजवून घ्या!”

त्याच्या घरात मोठे काळे मुंगळे फार. खांबावरून, भिंतीवरून त्यांची सारखी ये-जा. दुसरा कुणी वैतागला असता, पण याला त्याचाच अभिमान. गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचा. “बघा, गूळ अस्सल असल्याशिवाय येतात होय हे? दुकानाची फुकटची पाटी आहे ही माझ्या!”

बायको मात्र रोज सकाळी माजघर झाडायची. वरच्या लाकडी तुळईखाली तिला भुशाचा लहानसा ढीग सापडायचा. रंधा मारल्यावर पडतो तसा. काल झाडला, आज पुन्हा हजर.

“अहो, हे मुंगळे गुळाचे नाहीत,” ती एकदा म्हणाली. “गूळ संपून दुकान रिकामं होतं, तेव्हाही हे होतेच की.”

“अगं, गुळाच्या घरात मुंगळे नसतील तर काय हत्ती असतील?” व्यापारी हसला आणि दुकानात जाऊन बसला. हसून विषय संपवणं दुकानदाराला चांगलं जमतं.

त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला, गावभर आमंत्रणं गेली. माजघरातल्या तुळईला पाळण्याची जुनी कडी होती. आदल्या दिवशी व्यापारी पाळणा घेऊन आला, तशी बायको कडीखाली येऊन उभी राहिली.

“आधी तुळई बघून घ्या. मगच पाळणा टांगा.”

“बघायचं काय त्यात? सागाची आहे. लहानपणी मी स्वतः याच कडीच्या पाळण्यात झोपलोय!”

“तेव्हा तुमचं वय किती होतं आणि तुळईचं किती होतं?”

मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती खुदकन हसली. व्यापारी चिडला. “उद्या बायका येतील. कडी असून पाळणा नाही म्हटलं तर काय सांगू? मुंगळ्यांना घाबरलो म्हणून?”

बायकोने पदर खोचला. “बरं, भांडण नको. मी तुमचं गिऱ्हाईक. नातीसाठी ही तुळई विकत घ्यायला आलेय. शेठ, तुम्हीच सांगता ना, वाजवून घ्या म्हणून? मग द्या वाजवून.”

आता गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? व्यापारी स्टुलावर चढला. भिंतीजवळ बोटाने ठोकलं. आवाज खणखणीत. “ऐकलंस?” थोडं पुढे ठोकलं, पुन्हा खणखणीत. मग कडीच्या वर ठोकलं.

बद्द.

असला आवाज आला की तो नारळ न बोलता बाजूला टाकायचा. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. कान लावला, तर आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती.

तो खाली उतरला. पाळण्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. “आधी माल ठेवून बघू,” तो हळूच म्हणाला. त्याने मुलीला बाळासकट ओसरीवर पाठवलं, पाळणा कडीला अडकवला, आत गुळाची एक ढेप ठेवली आणि लांबून दोरी ओढली.

पहिला झोका गेला. दुसऱ्याला लाकूड करकरलं आणि कडी तुळईचा तुकडा घेऊनच खाली आली. पाळणा आदळला, ढेप फुटली, भुसा नि मुंगळे धो धो कोसळले. गूळ समोर विखुरलेला. पण एकाही मुंगळ्याने त्याला तोंड लावलं नाही. जो तो आपलं पांढरं पिल्लू तोंडात धरून पळत सुटला होता. त्यांचेही पाळणे तिथेच होते.

ओसरीवर बाळाने टॅहां केलं. व्यापाऱ्याने ओसरीकडे वळून पाहिलं. इतकं गोड रडणं त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

“घेता का तुळई?” त्याने कसंबसं विचारलं.

“नको शेठ,” बायको डोळे पुसत हसली. “आतून नासकी निघाली.”

बारसं अंगणात झालं. बांबूची भक्कम तिवई उभी करून पाळणा तिला बांधला, आणि बांधण्याआधी व्यापाऱ्याने एकेक बांबू वाजवून घेतला. बायका पोट धरून हसल्या.

मग तो छपरावर चढला. तुळईच्या बरोबर वर एक कौल फुटलेलं होतं. तिथून पाणी झिरपून लाकूड मऊ झालं होतं. वाळवी लाकूड खाते, हे मुंगळे खात नाहीत. ओलसर लाकूड कोरून त्यात घर करतात. त्याने कौल बदललं. छपराला टेकलेली जांभळाची फांदी तोडली, कारण तोच त्यांचा पूल होता. भिंतीला लागून रचलेलं सरपण लांब हलवलं. सुताराकडून नवी तुळई बसवून घेतली. उरलेल्या मुंगळ्यांसाठी गुळाच्या पाकात मुंगळ्यांना मारणारा थोडा टाकणखार कालवून, बाळाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, करवंट्यांत ठेवला. मुंगळे तो पाक आपल्या घरी घेऊन गेले आणि हळूहळू दिसेनासे झाले. भुसाही पडायचा थांबला.

पुढे एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “काय शेठ, हल्ली मुंगळे दिसत नाहीत. गूळ अस्सल आहे ना?”

“गूळ अस्सल आहे,” व्यापारी म्हणाला, “आणि आता घरही.” आत माजघरात नव्या कडीला पाळणा झुलत होता, आणि त्याची करकर जरासुद्धा ऐकू येत नव्हती.

तात्पर्य, मंडळी, एवढंच: बाजारातला माल जसा वाजवून घेता, तसं आपलं घरही अधूनमधून वाजवून बघा, आणि रोज घर झाडणाऱ्या माणसाचं म्हणणं हसून उडवू नका.