सुतारपक्ष्याचा खुंट

पक्ष्यांच्या चोची लवकर बोथट व्हायच्या, त्या काळातली गोष्ट. सुतारपक्ष्याने चोच घासायला एक खुंट रोवला आणि साऱ्या रानाला फुकट वापरायला दिला. कोण तो कसा वापरतं हे कळावं म्हणून त्याने खुंटाच्या ढोलीत सरडा लपवला. एक दिवस सरडा शिंकला आणि बिंग फुटलं.

“न विचारता पाळत ठेवतोस?” बगळा कडाडला.

“चुकलो. आता ज्याला वाटेल त्यानेच येऊन, खुंट कसा वापरतो ते मला सांगावं,” सुतारपक्षी म्हणाला.

कुणीच गेलं नाही. एकटा पोपट मात्र रोज तासभर सांगत बसायचा. सुतारपक्ष्याने त्या सांगण्यावरूनच पुढचा खुंट कोरला; त्याला खाच पडली ती पोपटाच्या बाकदार चोचीच्या मापाची.

बगळ्याने तिच्यात आपली लांब चोच घातली आणि ती अडकली. तशाच चोचीने तो पुटपुटला, “आम्हाला कुणी विचारलंच नाही.”