माळावरच्या दोन हरण्या

फार मागे वडगाव आणि सोनगावची गुरं एकाच माळावर चरू लागली. दोन्ही कळपांत हरणी नावाची एकेक गाय होती. हाक आली की दोघी वळत.

वडगावच्या हरणीच्या मनात पाल चुकचुकली. "माझं नाव चोरलंय. उद्या माझी पेंडही लाटेल."

म्हातारी म्हैस म्हणाली, "माळावर नावाआधी गाव लावा. गोठ्यात नुसतं हरणी पुरे."

"मीच खरी. मी का गाव लावू?" म्हणत ती दिवसभर दुसरीवर नजर ठेवून उभी राहिली. चरायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी तिचं वासरू लुचून थकलं, पण दूध आलं नाही. हरणीने त्याला दुसरीचं कपट सांगितलं.

वासरू म्हणालं, "आई, तिचं वासरूही तिला आईच म्हणतं. तेही नाव तिने चोरलं का?"