ढिगावरची भाकरी

“ओबेदच का, गुरुजी?”

सदोबा गुरुजी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी विचारतोय,” शमुवेल म्हणाला, “शहरातल्या चर्चच्या मंडळीला पाळक म्हणून ओबेदच का हवा झाला?”

“त्यांना विचार.”

“त्यांना शास्त्रातलं काही कळत नाही. कळत असतं तर त्याला बोलावलं नसतं.”

शमुवेल आणि ओबेद दोघेही गुरुजींचे विद्यार्थी. एकाच चटईवर बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकले. शमुवेल हुशार होता, आणि हे सगळ्यात आधी त्याने स्वतःच मान्य केलं होतं. ओबेद बेताचा. तरी शहरातलं मोठं दगडी चर्च ओबेदला मिळालं, आणि शमुवेलच्या वाट्याला गावातलं पत्र्याचं प्रार्थनामंदिर राहिलं.

उद्या रविवारी ओबेदचा निरोप होता. निरोपाचा उपदेश शमुवेलने करायचा होता. शमुवेलच्या पोटात दुखत होतं ते हेच.

“मागच्या रविवारी त्याने काय केलं ठाऊक आहे? प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो की, मला उपाशी राहता येतं आणि भरल्या घरातही राहता येतं, प्रभू बळ देतो. ओबेदने त्यातलं एक वाक्य उचललं आणि पोरांना सांगितलं, घाबरू नका, गणितात पास व्हाल.”

“झाली का पोरं पास?”

“गुरुजी, हसण्यावारी नेऊ नका. तुम्हीच शिकवलंत. वाक्य कोण बोललं, कोणाला बोललं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं. आणि अध्याय संपेपर्यंत ओळीवरचं बोट उचलायचं नाही.”

“शिकवलं होतं खरं.”

“ओबेद बोट ठेवतच नाही. बोरं वेचावीत तशी वाक्यं वेचतो. आणि लोक रडतात.”

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा चिरकला. गुरुजींनी तव्यावरची भाकरी उलटली.

“बरं. उद्या तू काय सांगणार?”

शमुवेल याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची फ्रेम काढली. एस.टी. स्टँडजवळच्या पेंटरकडून त्याने ती खास करून घेतली होती. निळ्या काचेवर सोनेरी अक्षरं होती. आपण एकमेकांच्या नजरेआड असू, तेव्हा प्रभूची नजर आपल्या दोघांवर असो.

“मिस्पाचं वचन,” शमुवेल म्हणाला.

हे वचन त्यांच्या मंडळीत सगळ्यांच्या ओळखीचं. सासरी निघालेल्या मुलीला हेच देतात, बदली झालेल्या शिक्षकाला हेच देतात. निम्म्या घरांच्या भिंतीवर ते टांगलेलं आहे.

“हे वाचून मी त्याला सगळ्यांसमोर आशीर्वाद देणार. एकाचाही डोळा कोरडा राहायचा नाही.”

“तुझा?”

शमुवेलने फ्रेम मांडीवर ठेवली.

“फळीवर शास्त्र आहे. घे आणि वाच. माझे हात पिठाचे आहेत.”

“मला पाठ आहे, गुरुजी.”

“वाच.”

शमुवेलने पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं, ते एक वाक्य खणखणीत वाचलं आणि पुस्तक मिटायला घेतलं.

“बोट उचललंस.”

“वचन एवढंच आहे.”

“मागं जा. अध्यायाच्या सुरुवातीपासून ये.”

शमुवेलने पान मागे उलटलं आणि वाचू लागला. याकोबाने सासऱ्याकडे, लाबानाकडे, वर्षानुवर्षं राबून काढली. सासरा त्याची मजुरी सारखी बदलत राहिला. शेवटी याकोब बायकामुलं आणि मेंढरं घेऊन न सांगता निघून गेला. लाबानाने पाठलाग करून त्याला डोंगरात गाठलं. दोघांनी एकमेकांचं सगळं जुनं उकरून काढलं. मग दगड गोळा करून ढीग रचला आणि त्या जागेला मिस्पा नाव पडलं. वाचता वाचता शमुवेलचा आवाज खाली येत गेला, आणि सोनेरी अक्षरांतल्या ओळीपाशी तो थांबला.

“कोण बोललं हे?”

“लाबान.”

“कोणाला?”

“याकोबाला.”

“आशीर्वाद म्हणून?”

“नाही,” शमुवेल म्हणाला. “त्याचा याकोबावर विश्वास नव्हता. तू माझ्यामागे काय करशील ते मला दिसणार नाही, पण देव बघतोय, असं म्हणतोय तो. हा ढीग ओलांडून तू इकडे यायचं नाही, मी तिकडे येणार नाही.”

“म्हणजे दम दिलाय.”

“हो.”

ही गोष्ट शमुवेलला लहानपणापासून माहीत होती. वचनही माहीत होतं. दोन्ही एकाच पानावर आहेत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याचे कान तापले.

“मी दुसरं वचन घेतो. पेंटर अजून दुकानात असेल.”

“कशाला? तू ओबेदला हेच तर म्हणायला निघालायस. इतकं नेमकं वचन तुला सगळ्या शास्त्रात सापडायचं नाही.”

तव्यावर भाकरी फुगली आणि बसली.

“गुरुजी,” शमुवेल खाली बघत म्हणाला, “मला त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. तो उपदेश करतो तेव्हा मी मागच्या बाकावर बसून त्याच्या चुका टिपतो. एखादी चूक सापडली की बरं वाटतं. लोक रडायला लागले की वाटतं, हे लोक माझे होते.”

गुरुजींनी हातावरचं पीठ झटकलं.

“बोट कुठं आहे?”

“त्याच ओळीवर.”

“तिच्या वरच्या ओळींत काय आहे? घाईत वाचलंस मघाशी.”

शमुवेलने बोट वर सरकवलं. “त्या ढिगावर ते जेवले.”

“कोण?”

“सगळेच. लाबान, याकोब, त्यांची माणसं.”

“आणि खालती?”

बोट खाली सरकलं. “पुन्हा भाकरी खाल्ली. रात्र तिथेच डोंगरात काढली.”

“मनं साफ झाली होती त्यांची?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“तरी जेवले.”



दारात चपला वाजल्या. ओबेद आला होता. गुरुजींनी त्याला निरोपाच्या जेवणाला बोलावलं होतं. शमुवेलला बघून तो उंबऱ्यातच थबकला.

गुरुजींनी शमुवेलच्या मांडीवरची फ्रेम उचलली आणि जमिनीवर मधोमध आडवी ठेवली. त्या काचेवर त्यांनी भाकरी ठेवल्या, बाजूला कांदा आणि वाटीत पिठलं.

“गुरुजी, ते वचन आहे,” शमुवेल दचकून म्हणाला.

“ढीग आहे. बसा दोघं. एक इकडून, एक तिकडून.”

ओबेद बसला. भाकरीच्या कडेने दिसणारी अक्षरं त्याने मान वाकडी करून वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

“मिस्पाचं वचन. माझ्यासाठी केलंस, शमू?”

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. ओबेदने फ्रेम शहरात नेऊन भिंतीला टांगली असती, आयुष्यभर कौतुकाने दाखवली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं.

“तुझ्यासाठीच,” शमुवेल म्हणाला. “पण तू समजतोस तसं ते नाही. घरी गेल्यावर अख्खा अध्याय वाच.”

ओबेद त्याच्याकडे बघत राहिला.

“ती जागा मला हवी होती, ओबेद. अजूनही हवी आहे.”

चुलीतलं लाकूड तडकलं. गुरुजी मुठीने कांदा फोडत होते.

“मला माहीत आहे,” ओबेद म्हणाला. “तू मागच्या बाकावर येऊन बसलास की माझी जीभ अडखळते. शहरात तू नसशील, याचाच मला जास्त आनंद झाला होता.”

शमुवेलने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

ओबेदने वरची भाकरी मोडली आणि अर्धी शमुवेलच्या बाजूला सरकवली. शमुवेलने ती लगेच घेतली नाही. त्याचं एक बोट अजून शास्त्राच्या पानांत अडकलेलं होतं.

“मग उद्या मी सभेत काय सांगू, गुरुजी?”

गुरुजींनी फोडलेला कांदा दोघांच्या मधे ठेवला.

“जेव. अध्याय कुठं संपलाय अजून.”