बटाट्यांचं पोतं आणि तीन उतार

हिमालयातल्या एका लहान गावात एकदा एक वृद्ध गुरू राहत होते. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत उतरण्याची विद्या ते शिकवत. गावात सगळे त्यांना बाबाजी म्हणत. त्यांची एक शिष्या मिरजेहून आलेली होती. तीन हिवाळे तिने त्यांच्यापाशी काढले होते, आणि आता कितीही कठीण उतार असो, ती तो सहज उतरत असे.

त्या वर्षी तिची शकूमावशी तिच्याकडे यायची होती. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. मावशीचं वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून ती साधा जिना उतरतानाही कठडा सोडत नसे. बाजारहाट, देऊळ, सगळं बंद झालं होतं. भाचीने फार आग्रह केला, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "तू म्हणतेस म्हणून येते गं. पण तिथे परत आपटले ना, तर यापुढे मला घराबाहेर काढायचं नाव घेऊ नकोस."

ते वाक्य शिष्येच्या मनातून हलेना. जवळपास स्की शिकण्याची तीन ठिकाणं होती. मावशीला कुठे उतरवायचं, ते संध्याकाळपर्यंत गाडीवाल्याला कळवायचं होतं. ती सकाळपासून बाबाजींच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होती. फोन काढायची, पाहायची, पुन्हा खिशात ठेवायची.

"बाबाजी, मी मोठ्या उताराचंच ठरवते. तिथे रोपवे आहे, गरम पाण्याचं हॉटेल आहे, वरून सगळी शिखरं दिसतात. मावशीच्या डोळ्यांचं पारणं फिटेल."

बाबाजी पोत्यात बटाटे भरत होते. त्यांनी सुतळीने तोंड बांधलं आणि म्हणाले, "एका बाजूने उचल."

"आत्ता? बाबाजी, मला फोन करायचाय!"

"उचल तर खरं."

दोन जुन्या स्कींवर फळी ठोकून केलेली, लाकडं वाहायची एक घसरगाडी त्यांच्याकडे होती. ती आणि पोतं शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून दोघं मोठ्या उतारावर गेली. नवशिक्यांना जिथे पहिल्यांदा उभं करतात, तिथे बाबाजी थांबले. खाली कोणी नाही असं बघून त्यांनी पोतं गाडीवर बांधलं आणि गाडी सोडून दिली. ती सुसाट निघाली, वळणावर न वळता सरळ गेली आणि देवदाराच्या बुंध्यावर आदळली. पोत्याचं तोंड सुटून बर्फभर बटाटे झाले.

चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "काय बाबाजी, यंदा बटाट्यांना शिकवताय?"

"हो. तुझ्यापेक्षा लवकर शिकतील!"

शिष्येला मात्र हसू येईना. गारठलेल्या बोटांनी बटाटे वेचताना ती दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होती. आज यांना झालंय तरी काय, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या ठिकाणचा उतार सौम्य होता. "हा चालेल! बघा ना, किती हळू," ती उतावीळपणे म्हणाली. गाडी खरोखरच हळू निघाली. पण उतार लांबलचक होता. वेग थोडा थोडा वाढत गेला आणि गाडी तळाच्या तारेच्या कुंपणात जाऊन अडकली. पोत्याचं तोंड पुन्हा सुटलं.

तिसरं ठिकाण एका वस्तीच्या मागे होतं. रोपवे नाही, हॉटेल नाही. बर्फाखाली गेलेलं कोबीचं शेत आणि पलीकडे गोठ्याची भिंत. वर जायचं तर चालत. "इथे मावशीला काय दाखवू, बाबाजी? गोठा?" शिष्येचा स्वर रडवेला झाला.

बाबाजींनी गाडी सोडली. ती घसरली, वेगात आली, आणि शेताच्या कडेला जमीन किंचित वर चढत होती तिथे मंदावली. जरा मागे आली. थांबली. एकही बटाटा सांडला नव्हता.

बराच वेळ शिष्या त्या थांबलेल्या पोत्याकडे बघत राहिली. मग बाबाजी म्हणाले, "मुली, पोत्याला वळता येत नाही, थांबता येत नाही. पहिल्या दिवशी तुझ्या मावशीलाही येणार नाही. तू शेजारून ओरडशील, पण घाबरलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. तेव्हा तिला जमिनीनेच थांबवायला हवं. एकदा थांबली की थांबणं कसं असतं ते तिच्या पायांना कळेल. तिथून पुढे तुझं शिकवणं. आणि शिखरांचं म्हणशील, तर पहिल्या दिवशी ती स्वतःच्या पायांखेरीज काही बघणार नाही."

"हे तुम्ही सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तू शेवटची कधी पडलीस?"

ती आठवू लागली. तिला आठवेना.

"म्हणून पोतं आणलं," बाबाजी म्हणाले. "तुला पडणंच आठवत नाही; नुसतं सांगून काय कळणार होतं?"

त्यानंतर चौथ्या दिवशी शकूमावशी त्या शेताच्या वर उभी होती. भाचीने हात सोडला मात्र, मावशी घसरू लागली. "अगं, धर मला! धर!" भाची धावली, पण अंतर वाढतच गेलं. मावशीने डोळे गच्च मिटले. जमीन किंचित वर चढली, वेग ओसरला, आणि मावशी उभीच्या उभी थांबली.

तिने डोळे उघडले. आधी पायांकडे पाहिलं, मग गोठ्याच्या भिंतीकडे.

"मला कुणी धरलं गं?"

"कुणीच नाही, मावशी."

हातातल्या काठ्या बर्फात रोवून मावशी वर वळली. "चल, परत एकदा. आणि या वेळी तू इथे खालीच थांब."

शिष्या खालीच थांबली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिने फोनकडे पाहिलं नाही. नवख्या माणसाला कुठे न्यायचं हे ठरवण्याआधी आपणही आपलं शेवटचं पडणं आठवून पाहावं.