गुरुजींच्या गळ्यातली घुंगुरमाळ

कितीदा सांगितलं, मी नाही बोलले! पण विश्वास कोण ठेवतो? माझं तोंड मोठं, म्हणून गावात काही फुटलं की फोडणारी मीच.

एकदा एक मुलगी आणि एक मुलगा आमच्या वृद्ध गुरुजींच्या ओटीवर गुपचूप भेटले. मुलगी म्हणजे शेजारची कावेरी. तिचं एक लग्न ठरून मोडलेलं. पसंती होईपर्यंत कुणाला कळता कामा नये, एवढीच तिची अट. पोहे मी करून नेले आणि तोंड मिटून परत आले. घरी पोचते तर गावभर बातमी!

"पारूमावशी, पोह्यांबरोबर बातमीपण वाढलीत वाटतं?" गुरुजींचा शिष्य मलाच हसला. कावेरी तर माझ्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आमच्या बैलाची घुंगुरमाळ मागून घेतली, आणि घातली स्वतःच्या गळ्यात! छुनछुन करत भर बाजारातून निघाले. मागे पोरं, त्यांच्यामागे कुत्री. हसून हसून मी भिंत धरली.

शिष्य धावला. "गुरुजी, काढा ती! लोक हसतायत."

"अरे, अशीच एक तू माझ्या मोबाइलात घातलीस ना? मी कुठे आहे, आसपासच्या मोबाइलांवरून जवळ कोण बसलंय, हे सगळ्या शिष्यांना आपोआप कळावं म्हणून? ही निदान ऐकू येते. कालची मुकाट्यानं वाजत होती."

शिष्यानं मोबाइल काढला. सगळ्या शिष्यांना आपोआप गेलेल्या निरोपात कालची भेट, खाली मुलाचं नाव, कावेरीचं नाव. त्याचा चेहरा पडला. "पण तुम्हाला विचारलं होतं, गुरुजी. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो. माझ्यापुरतं. परंतु विश्वासानं समोर येऊन बसणाऱ्याच्या वतीनं हो म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला? भेट दोघांची असते, वत्सा. एकाच्या संमतीनं ती जगाला वाटता येत नाही."

कावेरी पुढे आली. हसतच तिनं माळ उतरवली. गर्दीतून कुणी ओरडलं, "मुलगा पसंत का गं?"

"मी सांगेन तेव्हा कळेल!" मग माझ्याकडे वळली. "चुकले, मावशी. पोहे झकास होते."

"पोह्यांचं राहू दे," मी म्हटलं. "बातमी कुणी फोडली, ते नाव चारचौघांत घ्या!"

शिष्य मान खाली घालून पुढे सरला. गुरुजींनी त्याला हातानं मागे सारलं आणि शाळेत हजेरी द्यावी तसं खणखणीत आवाजात स्वतःचं पूर्ण नाव घेतलं,

"वासुदेव अनंत केळुसकर."