डिझेलला लाइन क्लिअर नाही

मिरजेत खऱ्यासारख्या हुबेहूब दिसणाऱ्या छोट्या आगगाड्या विकणारं दुकान एकच, बापूसाहेब शिरगुप्प्यांचं. त्यामुळे त्यांचा रुबाब थेट जनरल मॅनेजरचा. माल उशिरा आला म्हणून कुणी कुरकुरलं की ते म्हणत, "माझं दुकान रेल्वेच्या नियमानं चालतं. खऱ्या गाड्या लेट होत नाहीत?"

निवृत्त स्टेशनमास्तर मंदाकिनीबाई टिकेकर पैसे भरून वर्षभर एका वाफेच्या इंजिनाची वाट पाहत होत्या. इंजिन कारखान्यातून निघालंय, एवढंच उत्तर मिळे. तशी वाट पाहणारे गावात बरेच होते.

एका रविवारी भरल्या दुकानात बापूसाहेबांनी जाहीर केलं, "नवं डिझेल इंजिन येतंय. आजच पैसे भरा. जो भरणार नाही, त्याचं जुनं बुकिंगही रद्द!"

लोकांनी मुकाट्यानं पाकिटं काढली.

मंदाकिनीबाईंनी विचारलं, "बापूसाहेब, एक गाडी निघाली, पण पुढच्या स्टेशनात पोचली नाही. तिच्यामागे दुसरी सोडतात का हो?"

"छे! पहिली पोचल्याशिवाय दुसरीला लाइन क्लिअर नाही. एवढा साधा नियम विसरलात?" बापूसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"आमचं वाफेचं इंजिन पोचलं?"

"वाटेत आहे."

"मग डिझेल थांबवा," म्हणत बाईंनी काउंटरवरच्या छोट्या सिग्नलचा हात आडवा केला.

पाकिटं परत खिशात गेली.

"अहो, पण थांबायचं किती?" बापूसाहेब कळवळले.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "तेच तर मी वर्षभर विचारतेय."