कोतवालाचा कुत्रा आणि न वाजलेलं शिंग

ऐका मंडळी, पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका राज्याच्या कोतवालापाशी एक दांडगा कुत्रा होता. त्याला लहानाचं मोठं केलं होतं एका साध्या शिपायानं. कुत्रा शिपायाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि शिपायाचाही त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता.

त्या नगरीत एक रीत होती. कुत्रा सोडण्याआधी कोतवालानं शिंग फुंकायचं. शिंग ऐकलं की लहानथोर सगळे असतील तिथे खाली बसायचे. मग जो उभा दिसेल, पळत असेल, तो चोर. कुत्र्याला शिकवणच तशी होती.

एकदा काय झालं, भर बाजारात एका चोरानं सराफाच्या पेढीवरचा हार उचलला आणि धूम ठोकली! टोपल्या उलटल्या, केळी पायदळी गेली, एकच गिल्ला झाला. कोतवालाला तर चेवच चढला.

"सोड कुत्रा," तो गरजला.

"सरकार, आधी शिंग..." शिपाई चाचरला.

"शिंग फुंकत बसलो तर चोर हातचा जाईल. सोड म्हणतो ना?"

शिपायानं साखळी सोडली. कुत्रा सुसाट सुटला. वाटेत एक कुंभारीण डोक्यावर मडकी घेऊन उभी होती. शिंग वाजलंच नव्हतं, ती बिचारी बसणार कशी? कुत्र्यानं झेप घेतली आणि तिच्या उजव्या हाताचा लचका तोडला. तेवढ्यात चोर वेशीबाहेर पसार झाला.

कुंभारीण राणीच्या दरबारात आली. "बाईसाहेब, याच हातावर माझं घर चालतं. आता पोरांच्या तोंडात काय घालू?"

कोतवाल म्हणाला, "चूक जनावराची आहे. आजच त्याला मारून टाकतो, म्हणजे प्रश्न मिटला."

शिपाई पेचात पडला. गप्प राहावं तर कुत्रा जाणार, बोलावं तर नोकरी. शेवटी तो पुढे झाला.

"बाईसाहेब, शिंग वाजलंच नाही. हुकूम यांचा होता, आणि साखळी सोडली ती मी. कुत्र्यानं शिकवलं तेवढंच केलं."

राणी कडाडली, "कोतवाल, कुत्र्यानं चोर धरला की शाबासकी तुम्ही घेता ना? मग हा चावा कोणाचा?"

मग तिनं निवाडा दिला.

"कुत्रा राज्याचा आहे," राणी म्हणाली, "तेव्हा कुंभारणीचं घर राज्याच्या कोठारातून चालेल. शिपायानं तिचं पाणी भरावं. आणि तिचा हात पहिल्यासारखा होईपर्यंत कोतवालानं रोज सकाळी तिच्या अंगणात माती तुडवावी."

कुत्रा वाचला! शिपायानं आनंदानं घागरी उचलल्या. कुंभारणीची जखमही भरली, पण तिची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. कोतवालाचे केस पिकले, कंबर वाकली, तरी तो रोज सकाळी चिखलात पाय घालून माती तुडवतच राहिला.

मंडळी, तात्पर्य एवढंच: कुत्रा चावतो दातांनी, पण त्याचा जाब द्यायचा असतो सोडणाऱ्यानं.